खडीची वाट आणि लाउझिट्झची तळी

मित्रहो, जर्मनीचा नकाशा समोर घ्या. शाळेच्या भिंतीवरचा असला तर उत्तमच, नाहीतर मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातला चालेल. एक बोट बर्लिनवर ठेवा, दुसरे त्याच्या खाली, दक्षिणेकडे ड्रेस्डेन शहरावर. या दोन बोटांच्या मध्ये, जरा पूर्वेकडे सरकून, जो मुलूख येतो त्याला लाउझिट्झ म्हणतात. नकाशा १९६० पूर्वीचा असेल तर या ठिकाणी लहान लहान गावे, सूचिपर्णी झाडांची जंगले आणि कोळशाच्या खाणी दिसतील. तो आजचा असेल तर त्याच जागी निळे डाग दिसतील, एकाशेजारी एक असे वीसहून अधिक. हे तलाव आहेत. ते माणसाने केलेले आहेत, पण तलाव करावेत म्हणून कोणी खणायला बसले नव्हते. माणसाला कोळसा हवा होता. कोळसा काढून झाला, खड्डा उरला आणि त्या खड्ड्यात पाणी आले. त्या खड्ड्यांची हकीकत आज सांगायची आहे.

या तलावांच्या काठाने हल्ली पुष्कळ लोक सायकलवरून हिंडतात. त्यांच्यातल्या काहींजवळ एक विशेष प्रकारची सायकल असते. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी किंवा मुरूम. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर मात्र चांगले चार-पाच सेंटिमीटर रुंद, खडीवर पकड धरणारे. डांबरी रस्त्यावर ती वेगाने पळते आणि कच्च्या वाटेवरही अडत नाही. अमेरिकेच्या मध्यभागी खडीचे लांबच लांब रस्ते आहेत, तेथे हा छंद वाढला. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली अशा सायकलींची एक मोठी शर्यत सुरू झाली आणि २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आपल्याकडे दूधवाले आणि पोस्टमन साध्या सायकलीने मुरमाची वाट वर्षानुवर्षे तुडवीत आले आहेत, त्यांना हे ऐकून हसू येईल. असो. हौसेला मोल नसते.

पण ही सायकल लाउझिट्झमध्ये इतकी रुळली, याला कारण आहे. तलावांना फेरी घालणारे मुख्य मार्ग आता गुळगुळीत डांबराचे आहेत. त्यांच्या आतबाहेर मात्र खाणीच्या जुन्या वाटांचे जाळे पसरले आहे. यंत्रांची देखभाल करणाऱ्या गाड्यांचे रस्ते, रूळ उखडलेले लोहमार्ग, मातीच्या ढिगाऱ्यांवर लावलेल्या जंगलातून जाणाऱ्या वाळूच्या पायवाटा, असे सारे. सायकलस्वार ज्या खडीवरून जातो ती पुष्कळ ठिकाणी खाणीच्या कामासाठीच पडलेली असते. त्या भागातून जवळजवळ पाचशे किलोमीटर लांबीचा एक सायकलमार्ग काढला आहे. त्याच्या खुणेच्या पाटीवर सायकल चालवणारा सैतान रंगवला आहे. सैतान का? तर त्या मुलखात एक म्हण आहे. देवाने लाउझिट्झ निर्माण केला, पण त्याच्याखाली कोळसा पुरून ठेवला तो सैतानाने.

ही म्हण सोर्ब लोकांची. सोर्ब हे स्लाव वंशाचे, जर्मनांहून वेगळी भाषा बोलणारे लोक. हजार वर्षांहून अधिक काळ ते या भागात राहत आले आहेत. त्यांची भाषा पोलिश आणि चेक या भाषांच्या नात्यातली आहे. १९१२ साली त्यांनी आपल्या संस्थांची ‘दोमोविना’ नावाची मध्यवर्ती संघटना स्थापन केली. आजही तिथल्या अनेक गावांच्या पाट्या दोन भाषांत असतात. शेतकरी लोक, वाळवट जमीन, पाणथळ कुरणे. अशा लोकांच्या पायांखाली कोळसा निघाला.

हा कोळसा कसला, हे शिक्षक बंधुभगिनींनी ध्यानात घ्यावे. आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरकडचा कोळसा काळा, दगडासारखा, पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासचा. लाउझिट्झचा कोळसा तपकिरी. त्याला लिग्नाइट म्हणतात. तो दलदलीतल्या झाडाझुडपांपासून सुमारे दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वी तयार झाला, म्हणजे भूगर्भाच्या हिशेबाने अगदी कोवळा. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असते. म्हणून तो लांब वाहून नेणे परवडत नाही. खाणीच्या शेजारीच जाळून वीज करावी लागते, नाहीतर वाळवून, दाबून त्याच्या विटा पाडाव्या लागतात. या विटांवर बर्लिनची घरे कित्येक पिढ्या हिवाळ्यात ऊब घेत होती.

लाउखहामर गावाजवळ १७८९ साली हा कोळसा प्रथम सापडला. पहिल्यांदा लोक कुदळ-फावड्याने खणत. पुढे कारखाने आले, रेल्वे आली, आणि यंत्रे इतकी मोठी झाली की बोगदे खणण्यापेक्षा वरची सगळी जमीनच उचलून बाजूला ठेवणे सोपे वाटू लागले. १९२४ साली प्लेसा येथे जगातला पहिला माती वाहणारा पूल उभा राहिला. ही कल्पना नीट समजून घ्या. खाणीच्या एका काठाला यंत्र वरची माती खरवडते. ती माती पट्ट्यावरून, पुलावरून खड्डा ओलांडून पलीकडे जाते आणि जिथला कोळसा काढून झाला आहे तिथे पडते. मधल्या उघड्या भागातून कोळसा काढतात. पुढे खणायचे, मागे भरायचे, अशी ती खाण शेतातून नांगर चालावा तशी मुलखातून चालत जाते. वाटेत जंगल आले तर जंगल जाते. ओढा आला तर त्याला दुसरीकडे वळवतात. गाव आले तर गाव उठवतात.

अशा पुलांतला अखेरचा पूल लिश्टरफेल्ड गावाजवळ आजही उभा आहे. लांबी ५०२ मीटर, उंची ८० मीटर, वजन सुमारे ११ हजार टन. लोक त्याला आडवा पडलेला आयफेल मनोरा म्हणतात. १९९१ साली तो कामाला लागला आणि १९९२ साली, पुरते दीड वर्षही झाले नसेल, कायमचा थांबला. आता तिथे तिकीट काढून वर चढता येते. खाली पाहावे तर ज्या खड्ड्यासाठी पूल बांधला त्यात तलाव भरला आहे.

तो इतक्या लवकर का थांबला, हे समजायला थोडे राजकारण पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले. लाउझिट्झ पूर्वेच्या तुकड्यात गेला. त्या राज्याजवळ तेल नव्हते, चांगला दगडी कोळसा फारसा नव्हता. होता तो लिग्नाइट. तेव्हा सगळा भार त्याच्यावर पडला. १९५५ पासून श्वार्त्से पुम्पे येथे प्रचंड कारखाना उभा राहू लागला. शेजारचे होयर्सवेर्डा हे काही हजार वस्तीचे गाव कामगारांच्या चाळींनी वाढत सत्तर हजारांवर गेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व जर्मनी वर्षाला सुमारे तीस कोटी टन लिग्नाइट काढीत असे. जगात कोणताच देश इतका काढीत नव्हता. त्यातला मोठा वाटा लाउझिट्झचा. एवढ्यावर भागत होते असेही नाही. १९७८ संपून १९७९ उजाडताना थंडीची अशी लाट आली की ओला कोळसा खाणीत आणि डब्यांत दगडासारखा गोठला. वीज तोडावी लागली आणि सैनिकांना कोळसा फोडायला पाठवावे लागले.

या भुकेपोटी गावे गेली. लाउझिट्झमध्ये खाणींनी पूर्णतः किंवा अंशतः गिळलेल्या वस्त्यांची संख्या १३० हून अधिक आहे. त्यांतली पुष्कळ सोर्बांची. कोयना किंवा उजनीच्या धरणाखाली ज्यांची गावे गेली त्यांना यातले दुःख वेगळे समजावून सांगायला नको. पण एक फरक आहे. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे देऊळ वर येते, जुन्या माणसाला हात जोडता येतात. लाउझिट्झमधले तळे उद्या कोरडे पडले तरी खाली देऊळ नाही, विहीर नाही, घराचा पाया नाही. गाव ज्या मातीवर वसले होते ती मातीसुद्धा तिथे नाही. ती खरवडून, मिसळून दुसरीकडे पडली. मग आठवण ठेवायची कशाची? लोकांनी नावे ठेवली आहेत. झेडलिट्झ तलावाला शेजारच्या तलावांशी जोडणाऱ्या कालव्यांपैकी दोन पाहा. एकाचे नाव सोर्नो, दुसऱ्याचे रोझेनडोर्फ. ही दोन्ही खाणीत गेलेल्या गावांची नावे. सोर्नोच्या कालव्यापाशी गंजक्या पोलादाचा ३० मीटर उंचीचा एक मनोरा २००८ साली उभारला. लोक त्याला ‘गंजका खिळा’ म्हणतात. सायकल खाली लावून पायऱ्या चढून गेले की चहूकडे पाणी चमकताना दिसते.

होर्नो गावाची गोष्ट तर अगदी अलीकडची. हे सोर्ब परंपरेचे गाव. जर्मनी एक झाल्यावर आता तरी आपले घर वाचेल, अशी तिथल्या लोकांना आशा वाटली. ते न्यायालयात गेले, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. उपयोग झाला नाही. गावाला फोर्स्ट शहराच्या कडेला नवी जागा मिळाली आणि २००४ साली जुने चर्च सुरुंगाने पाडले. ज्या यानश्वाल्डे खाणीसाठी हे झाले तिच्यातून कोळसा काढणे २०२३ च्या अखेरीस बंद पडले. म्हणजे गाव उठले त्यानंतर पुरती वीस वर्षेही खाण चालली नाही. नव्या होर्नोत २००६ पासून हरवलेल्या गावांचे एक संग्रहालय आहे. त्या मुलखात सायकलवरून जाणाराने तळ्यांबरोबर तेही पाहावे, असे मी म्हणेन.

हे झाले खणण्याचे. आता भरण्याचे पाहू.

खड्डा पाण्याने भरावा ही कल्पना पूर्व जर्मनीच्या काळातच निघाली. ओटो रिन्ट नावाचे भूरचनाकार होते. खाणी चालू असतानाच त्यांनी पुढचा विचार केला की हे खड्डे एकमेकांना जोडून तलावांची माळ करता येईल. १९६७ ते १९७२ या काळात श्वार्त्से एल्स्टर नदीचे पाणी नीम्ट्श खाणीच्या खड्ड्यात सोडले आणि झेन्फ्टेनबर्गचा तलाव झाला. १९७३ साली तिथे पोहण्याचा किनारा खुला झाला. आज त्याला सायकलने फेरी घालायची तर अठरा किलोमीटर पडतात. २०१३ साली त्याला पुढच्या गायर्सवाल्डे तलावाशी जोडणारा कालवा खुला झाला. या कालव्यातली होडी बोगद्यातून त्या एल्स्टर नदीच्याच खालून जाते. नदी वर आणि होडी खाली, असा प्रकार मुलांना सांगून पाहा.

मोठे भरणे मात्र १९९० नंतर आले. जर्मनी एक झाली, बाजार खुला झाला, तेल आणि वायू आला, जुने कारखाने एकामागून एक बंद पडले. १९८९ साली लाउझिट्झच्या लिग्नाइट उद्योगात सुमारे ८० हजार माणसे होती. थोड्याच वर्षांत त्यांतले बहुतेक घरी बसले. होयर्सवेर्डाची वस्ती निम्म्याखाली आली आणि मोठ्या हौसेने बांधलेल्या चाळी पाडाव्या लागल्या. खाणी थांबल्या, पण खड्डे तिथेच होते. ज्या राज्याने ते खणले ते राज्यच उरले नव्हते. मग जर्मनीच्या मध्यवर्ती आणि प्रादेशिक सरकारांनी खर्च उचलला आणि दुरुस्तीसाठी सरकारी मालकीची वेगळी कंपनी काढली. लाउझिट्झ आणि लाइप्झिगकडचा भाग मिळून आतापर्यंत एक हजार कोटी युरोंहून अधिक पैसा यात गेला आहे, आणि काम संपलेले नाही.

एवढा पैसा लागतो कशाला? पाणी सोडले की झाले, असे आपल्याला वाटेल. इथेच खरी अडचण आहे. कोळसा काढायचा तर खड्डा कोरडा हवा. म्हणून खाणीभोवती विहिरी खणून रात्रंदिवस पंप चालवतात. एक टन कोळशामागे कित्येक टन पाणी उपसावे लागते. अशा उपशाने शेकडो चौरस किलोमीटरांतले भूजल खाली गेले. पंप बंद केले की ते हळूहळू वर येते. वर येताना त्याला भेटते ती खाणीने टाकलेली सैल माती. या मातीत पायराइट नावाचे लोखंड आणि गंधकाचे खनिज असते. लाखो वर्षे ते हवेपासून दूर होते. उकरल्यावर त्याला हवा लागली आणि त्याचे आम्ल झाले. त्यामुळे कित्येक तलावांचे पाणी सुरुवातीला व्हिनेगरसारखे आंबट होते, मासा जगणार नाही असे. त्यावर उपाय चुन्याचा. होड्यांतून तळ्यात चुना फवारतात, आणि एकदा फवारून भागत नाही. लोखंड ओढ्यानाल्यांत उतरते आणि स्प्रे नदीचे पाणी काही ठिकाणी गंजासारखे तपकिरी होते.

दुसरी अडचण जमिनीची. ढिगाऱ्यातली वाळू बारीक, गोल कणांची आणि सैल पडलेली असते. तिच्यात भूजल चढले की वरून घट्ट दिसणारी जमीन एका क्षणात रबडीसारखी वाहू लागते. ऑक्टोबर २०१० मध्ये श्प्रेटाल गावाजवळ अशीच मोठी जमीन सरकली आणि मेंढ्यांचा कळप तिच्यात अडकला. त्याआधी जुलै २००९ मध्ये, लाउझिट्झबाहेर, जर्मनीच्याच नाख्टरश्टेट गावी खाणीच्या तलावाचा काठ ढासळला. काठावरची घरे पाण्यात गेली आणि तीन माणसे दगावली. म्हणून या सायकलवाटांच्या कडेला जागोजाग जीवाला धोका असल्याच्या पाट्या आहेत. आत झाडे वाढलेली, वाळू पांढरीशुभ्र, वाट मोकळी. रुंद टायरच्या सायकलीला मोह पडावा असेच सगळे. पण त्या पाटीपलीकडे चाक घालायचे नाही. तिथे यंत्राने जमिनीला कंप देऊन वाळू दाबून बसवीपर्यंत ती जमीन माणसाचा भार घेईल, याची खात्री नाही.

तिसरी गोष्ट पाण्याच्या हिशेबाची. खाणी चालू होत्या तोवर उपसलेले पाणी स्प्रे नदीत जात होते. कोरड्या उन्हाळ्यात नदीच्या पाण्याचा मोठा भाग तोच असतो, आणि ही नदी पुढे बर्लिनला जाते. खाणी थांबल्या की हे पाणी कमी होणार. शिवाय तलाव भरायला नदीचेच पाणी लागते, आणि भरलेल्या तलावावरून उन्हाळ्यात वाफ होऊन पाणी उडते. कॉटबुस शहराच्या कडेची खाण २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि एप्रिल २०१९ मध्ये तिच्यात पाणी सोडायला सुरुवात झाली. तळे सुमारे एकोणीस चौरस किलोमीटरांचे, आणि वर्षे आली दुष्काळाची. नदीत पुरेसे पाणी नसले की तलावाकडचा दरवाजा बंद ठेवावा लागे. जर्मनीने २०२० साली कायदा केला की २०३८ पर्यंत कोळशाची वीज बंद करायची. लाउझिट्झमध्ये उरलेल्या खाणींचेही उद्या खड्डेच उरतील आणि त्यांनाही पाणी मागावे लागेल.

इतके सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग ही तळी म्हणजे नुसती रंगसफेदीच की! तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. ग्रोसरेशेन गाव पाहा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा दक्षिण भाग खाणीत गेला. सुमारे चार हजार माणसे उठली. खाण १९९९ साली थांबली. २००० ते २०१० या दहा वर्षांत तिथे भूरचनेचे मोठे प्रदर्शन भरले. त्याला प्युक्लर या सरदाराचे नाव दिले होते. एकोणिसाव्या शतकातल्या या हौशी माणसाने कॉटबुसजवळ ब्रानित्स येथे तळी खणवली आणि त्याच मातीचे पिरॅमिड रचले. १८७१ साली तो वारला, तेव्हा त्याला त्यांतल्याच एका पिरॅमिडात पुरले. ग्रोसरेशेनच्या लोकांनी कोरड्या खड्ड्याच्या काठावर, पाणी येण्याआधीच, खाणीतल्या जुन्या यंत्राचा भाग वापरून तळ्यात जाणारा धक्का उभारला. लोक हसले असतील. मार्च २००७ मध्ये पाणी सोडायला सुरुवात झाली. आज काठाच्या उतारावर द्राक्षाचा मळा आहे. ज्यांचे काम गेले होते अशा काही जणांना त्याच यंत्रांवर वाटाड्याचे काम मिळाले. ऐंशी हजारांच्या जागी हे थोडे आहे, पण ते खरे आहे.

मला यातून एवढेच सांगायचे आहे. कोळसा ज्यांनी जाळला त्यांना त्याची ऊब त्याच हिवाळ्यात मिळाली. खड्डा भरायला, पाण्याचा आंबटपणा काढायला, वाळू दाबून बसवायला मात्र त्यांच्या मुलांची आणि नातवंडांची वर्षे जात आहेत. आणि इतके करूनही जे परत मिळते ते तळे असते, गाव नव्हे. सायकलवरून जाणाऱ्या तरुणाने त्या तळ्याचा आनंद जरूर घ्यावा; त्यासाठीच ते केले आहे. मात्र चाकाखालची खडी कशासाठी पडली होती, हे त्याला ठाऊक असावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा पाठ जर्मनीच्या नकाशावर संपवू नका. आपल्या शिवारात दगडाची खाण असेल, मुरमाचा खड्डा असेल, विटभट्टीसाठी उकरलेली जमीन असेल. वर्धा नदीच्या खोऱ्यात तर कोळशाच्या उघड्या खाणीच आहेत. मुलांना काठावरून, सुरक्षित अंतरावरून, तो खड्डा दाखवा. तो कोणी खणला, माल कुठे गेला, पावसाळ्यात त्यात किती पाणी साठते, आसपासच्या विहिरींवर काय परिणाम झाला, आणि काम संपल्यावर तो भरायची जबाबदारी कोणाची ठरली आहे, हे पाच प्रश्न वहीत लिहायला सांगा. चार प्रश्नांची उत्तरे गावातली म्हातारी माणसे देतील. पाचव्याचे उत्तर मिळवायला ग्रामपंचायतीत जाऊन कागद पाहावा लागेल. तो मुलांना घेऊन पाहावा.